'सी'चा 'यू' झाला तेव्हा

१२ जून २००७, मंगळवार. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जुलै महिन्याचं व्हिसा बुलेटिन प्रसिद्ध केलं. हे बुलेटिन म्हणजे दर महिन्याला निघणारा रुक्ष सरकारी कागद : डोक्यावर देशांची नावं, डाव्या हाताला अर्जदारांचे वर्ग आणि मधल्या चौकटींत तारखा. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड मागणाऱ्यांच्या तक्त्यात त्या दिवशी तारखाच नव्हत्या. अकुशल कामगारांची एक ओळ सोडली, तर चौकटीचौकटीत एकच अक्षर होतं : 'सी'. सी म्हणजे करंट. रांग संपली, कागद तयार असतील तर १ जुलैपासून अर्ज घेऊन या.

भारतात जन्मलेल्या हजारो इंजिनियरांनी ते पान बंद करून पुन्हा उघडलं असेल, चूक तर नाही ना हे बघायला. आदल्या महिन्यापर्यंत त्यांची रांग काही वर्षं मागे अडकलेली होती. एका रात्रीत ती नाहीशी व्हावी, असं अमेरिकेत काहीच घडलेलं नव्हतं.

मग रात्रीचे फोन सुरू झाले. न्यू जर्सी, ह्यूस्टन, सॅन होजेहून पुण्याला, नाशिकला, सांगलीला. मागणी एकच : जन्मदाखला पाठवा. आता आपल्याकडची गंमत अशी, की पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळे मुलगा वाढला ठाण्यात आणि जन्माची नोंद आजोळच्या नगरपालिकेत, नाहीतर ग्रामपंचायतीत. शिवाय नोंद व्हायची जन्माबरोबर आणि बारसं व्हायचं बाराव्या दिवशी किंवा त्याहून उशिरा, म्हणून दाखल्यावर नावाचा रकाना कोरा. 'मुलगा', वडिलांचं नाव, तारीख, बस्स. हाच का तो मुलगा, असं अमेरिकन अधिकाऱ्याने विचारलं तर उत्तर काय? मग नोंद सापडत नसल्याचा दाखला काढा, जन्माच्या वेळी हजर असलेल्या आत्या-मावशीला गाठा, स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र करा, नोटरीचा शिक्का मारा आणि कुरियरवाल्याला सांगा, बाबा रे, चार दिवसांत पोचव.

तिकडेही धावपळ होतीच. अर्जासोबत वैद्यकीय तपासणीचं बंद पाकीट लागतं आणि ती तपासणी सरकारमान्य डॉक्टरकडेच करावी लागते. भारतात लहानपणी बीसीजीची लस टोचलेली असते, त्यामुळे क्षयाच्या चाचणीत हाताला गाठ येणं नवलाचं नव्हतं. गाठ आली की छातीचा एक्स-रे, म्हणजे आणखी दोन दिवस. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना घेऊन माहेरी आलेल्या बायकांना तिकिटं बदलून परतावं लागलं, कारण अर्ज पोचतो तेव्हा अर्जदार अमेरिकेच्या हद्दीत हवा. लग्न ठरलेल्यांची पंचाईत याहून मोठी. ग्रीन कार्ड हातात पडण्याआधी लग्न झालेलं असलं तरच बायको त्याच अर्जात बसते; नंतर झालं, तर ती वेगळ्या आणि लांबलचक रांगेत जाते. कार्ड लवकर मिळावं म्हणून प्रार्थना करणाऱ्या अविवाहितांना ते फार लवकर मिळेल याचीही धास्ती होती.

ही सगळी माणसं पात्र होती. ही गोष्ट पात्रतेची कमी आणि रांगेची जास्त आहे, आणि ती रांग कशी तयार झाली हे पाहिल्याशिवाय त्या 'सी'ची किंमत कळत नाही.

१९४६ साली भारतीयांसाठी अमेरिकेचा दरवाजा किलकिला झाला, तो वर्षाला १०० माणसांपुरता. त्या कायद्याला ज्या दोघांचं नाव आहे त्यांतला एक इमॅन्युएल सेलर, ब्रुकलिनचा खासदार. १९२४ चा वंशावर आधारलेला कोटा पास होत असताना हा नवखा सेलर विरोधात बोलला होता. तो मोडायला त्याला एकेचाळीस वर्षं लागली. ३ ऑक्टोबर १९६५ ला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी बसून राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ज्या कायद्यावर सही केली, त्यावरही सेलरचं नाव आहे. त्या कायद्यात 'तिसरी पसंती' नावाचा वर्ग होता : व्यावसायिक शिक्षण घेतलेले, शास्त्रज्ञ, कलावंत. मुंबई-पुण्याच्या मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेले डॉक्टर आणि इंजिनियर याच वाटेने गेले. आपल्याकडच्या 'अमेरिकेतल्या काकां'ची पहिली पिढी ती. त्यांच्यातले बरेचजण विमानात चढतानाच कायम वास्तव्याचा परवाना घेऊन चढले होते. पुतण्याला पंधरा वर्षं का लागतात, हे काकांना म्हणूनच कधी नीट उमगलं नाही.

आजची घडी बसवली ती १९९० च्या कायद्याने. थोरल्या बुश यांनी २९ नोव्हेंबरला त्यावर सही केली. नोकरीच्या आधारावर वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं ठरली आणि माणसांचे वर्ग पाडले गेले. पहिला, म्हणजे ईबी-१, असाधारण क्षमतेच्या लोकांचा. नोबेलच्या तोलाचं एखादं पारितोषिक दाखवा, नाहीतर पुढे नियमांत आलेल्या दहा कसोट्यांपैकी तीन : बक्षिसं, तुमच्यावर छापून आलेलं, इतरांच्या कामाचं परीक्षण, मोठा पगार अशा. नावाजलेले संशोधक आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांचे व्यवस्थापकही याच वर्गात. दुसरा, ईबी-२, मास्टर्सवाल्यांचा किंवा पदवीनंतर पाच वर्षांच्या चढत्या अनुभवाचा. तिसरा, ईबी-३, पदवीधरांचा आणि निदान दोन वर्षांचं प्रशिक्षण लागणाऱ्या कुशल कामगारांचा.

इथे एक खोच आहे आणि ती पहिल्यांदा कळते तेव्हा चांगले शिकलेले लोकही चिडतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गात वर्ग ठरतो तो माणसाच्या शिक्षणावर नाही, नोकरीच्या गरजेवर. तुम्ही पीएच.डी. असाल, पण त्या खुर्चीला साधी पदवी पुरते असं कंपनीने लिहिलं, तर तुम्ही ईबी-३. आणि पदवीचंही खरं नाही. १९७७ साली शहा नावाच्या एका अर्जदाराच्या प्रकरणात निकाल लागला, की भारतातली तीन वर्षांची बी.एस्सी. अमेरिकेतल्या चार वर्षांच्या पदवीबरोबरीची धरता येणार नाही. तो निकाल पुढे कित्येकांना आडवा आला. बी.ई.वाले सुटले, बी.एस्सी. करून वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलेली हुशार मुलं अडकली, मग प्रत्यक्ष कामात ती बी.ई.वाल्याची साहेब का असेनात.

या सगळ्याआधी 'लेबर'. हा शब्द तिकडच्या मराठी घरात किराण्याच्या यादीसारखा ऐकू येतो : "लेबर आलं का?" "लेबर डल्लासला अडकलंय." म्हणजे मजूर खात्याचं प्रमाणपत्र, की या जागेसाठी लायक आणि राजी असा अमेरिकन माणूस मिळाला नाही. ते मिळवण्यासाठी कंपनीने जागेची जाहिरात द्यायची, तीही रविवारच्या पेपरात दोनदा. माणूस रोज ज्या खुर्चीवर बसतो त्याच खुर्चीची जाहिरात चहा पिताना वाचतो आणि कुणी अर्ज करू नये म्हणून मनात नवस बोलतो. हा अर्ज ज्या दिवशी दाखल झाला तो दिवस म्हणजे 'प्रायॉरिटी डेट', रांगेतला नंबर. बुलेटिनमध्ये तुमच्या वर्गाच्या चौकटीतली तारीख त्या नंबराच्या पुढे सरकली, की तुम्हाला शेवटचा अर्ज करता येतो.

आणि चौकट कुठली, तर जन्मलात त्या देशाची. नागरिकत्वाची नव्हे. कुठल्याही एका देशाला साधारणतः ७ टक्क्यांपेक्षा जास्त कार्डं नाहीत, हा नियम आइसलँडला तोच आणि भारताला तोच. १,४०,००० चे ७ टक्के म्हणजे ९,८००. एकट्या ईबी-२ मध्ये पाहिलं तर भारताच्या हक्काची साधारण २,८००. त्यातही नवरा, बायको, मुलं सगळी मोजायची, म्हणजे चौघांच्या घराला चार आकडे खर्ची. इतर देशांची उरली तर ती पुढे मिळतात, पण ती कृपा. आईवडील दोघेही कोकणातले, पण बायकोचा जन्म मस्कतचा, कारण सासरे तिथे नोकरीला होते, तर नवऱ्याला ओमानच्या चौकटीत उभं राहता येतं. लग्न ठरवताना पत्रिका बघणाऱ्यांनी जन्मवेळेइतकंच जन्मस्थळाकडेही लक्ष द्यावं, असा विनोद यातूनच निघाला असणार.

तोटी ९,८०० ची. वरचा नळ मात्र सुटलेला. एच-१बी हा तात्पुरत्या कामाचा व्हिसा. १९९० ला त्याची मर्यादा ६५,००० ठरली. मग वाय-टू-के आलं, डॉट-कॉम आलं, आणि २००१ ते २००३ या तीन आर्थिक वर्षांसाठी ती १,९५,००० वर नेली गेली. आलेल्यांत भारतीय सर्वाधिक. त्यातल्या बहुतेकांना पुढे ग्रीन कार्ड हवं होतं, हे समजायला ज्योतिषी नको होता. २००० च्या कायद्याने आधीच्या वर्षांची न वापरलेली कार्डं परत हौदात ओतली, म्हणून काही वर्षं तुंबलेलं दिसलं नाही. खरी गर्दी मजूर खात्यात साठत होती. मार्च २००५ मध्ये 'पर्म' ही नवी पद्धत आली आणि नव्या अर्जदारांचं लेबर काही महिन्यांत मिळू लागलं. जुन्यांच्या फायली मात्र डल्लास आणि फिलाडेल्फियाच्या दोन केंद्रांत ढिगाने पडून राहिल्या. ऑक्टोबर २००५ मध्ये भारताच्या चौकटीतल्या तारखा काही वर्षं मागे ढकलल्या गेल्या. अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव सालच्या तारखा बघून लोकांचे चेहरे उतरले.

मग जून २००७ मध्ये सगळीकडे 'सी' कसा काय आला? उदारपणाने नव्हे, नासाडीच्या भीतीने. वर्षाचा आकडा ३० सप्टेंबरला संपतो आणि उरलेली कार्डं त्याच रात्री वाया जातात. आकडे वाटतं परराष्ट्र खातं, अर्ज तपासतं नागरिकत्व आणि स्थलांतर खातं, आणि दोघांचा ताळमेळ जेमतेम. आदल्या वर्षी रांग एवढी लांब असतानाही दहा हजारांवर आकडे वाया गेले होते. त्या खात्यावर देखरेख ठेवणारे लोकपाल होते प्रकाश खत्री. त्यांनी आपल्या जूनमधल्या वार्षिक अहवालात यावर कडक शब्दांत लिहिलं. परराष्ट्र खात्यात तारखा ठरवणाऱ्या चार्ल्स ओपेनहाइम यांनी सगळा दरवाजाच उघडून टाकला : येऊ देत हवे तितके अर्ज, निदान आकडे तरी वापरले जातील.

स्थलांतर खात्याच्या पोटात गोळा आला. लाखोंनी अर्ज येणार, आणि तेही जुन्या फीमध्ये. ३० जुलैपासून मोठ्या माणसाची फी ३९५ डॉलरवरून १,०१० डॉलर व्हायची होती. एरवी कासवाच्या चालीने चालणारं खातं जूनच्या शेवटी सशासारखं पळालं. शनिवार-रविवारीही कचेऱ्या चालू ठेवून हाताशी असलेले जुने अर्ज धडाधड निकालात काढले गेले. महिन्याभरात जवळपास ६०,००० आकडे संपले.

२ जुलै, सोमवार. रविवारी कचेरी बंद, म्हणून अर्ज पोचायचा हा पहिला दिवस. कुरियरच्या गाड्या पाकिटं घेऊन नेब्रास्का आणि टेक्ससच्या केंद्रांकडे निघालेल्या असताना परराष्ट्र खात्याने सुधारित सूचना काढली. तक्त्यातल्या प्रत्येक 'सी'च्या जागी 'यू' आला. यू म्हणजे अनअव्हेलेबल. वर्षाचे आकडे संपले, अर्ज परत पाठवले जातील.

एकदा निघालेलं बुलेटिन असं फिरवल्याचं जुन्याजाणत्या वकिलांनाही आठवत नव्हतं. चारच दिवसांपूर्वी, २८ जूनला, स्थलांतर सुधारणेचं मोठं विधेयक सिनेटमध्ये कोसळलं होतं. तेव्हा कायदेमंडळाकडून काही मिळेल ही आशाही गेलेली. लोकांचे पैसे गेले होते, सुट्ट्या गेल्या होत्या, बायकामुलं अर्ध्या रजेतून परतली होती. एरवी ही माणसं शांत. व्हिसा कंपनीच्या हातात, तेव्हा रस्त्यावर यायचं कुणी? वकिलांच्या संस्थेने सामूहिक दाव्याची तयारी सुरू केली. सॅन होजेच्या खासदार झोई लॉफग्रेन प्रतिनिधिगृहाच्या स्थलांतर उपसमितीच्या अध्यक्ष होत्या; त्यांनी मंत्र्यांना पत्रं लिहून जाब विचारला. आणि अर्जदारांना आठवला एक हिंदी सिनेमा.

'लगे रहो मुन्नाभाई' येऊन वर्षही झालेलं नव्हतं. नागपूरच्या राजकुमार हिरानींचा चित्रपट, मुंबईचा टपोरी आणि त्याला दिसणारे गांधीजी, म्हणजे आपले दिलीप प्रभावळकर. घर बळकावणाऱ्या बिल्डरला मुन्ना रोज फुलं पाठवतो, लवकर बरा हो म्हणून. 'इमिग्रेशन व्हॉइस' या अर्जदारांच्या संघटनेशी जोडलेल्या लोकांनी तेच ठरवलं. १० जुलैला वॉशिंग्टनच्या मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूवरच्या स्थलांतर खात्याच्या मुख्य कचेरीत संचालक एमिलियो गोन्झालेझ यांच्या नावाने गुच्छ येऊ लागले. दहा-वीस नव्हे, शेकड्यांनी. फुलांसोबत चिठ्ठ्या. ना घोषणा, ना शिव्या. पाठवणारे घरी नाहीतर ऑफिसात क्रेडिट कार्डाचा नंबर टाइप करत बसलेले. तिथल्या पत्रकारांना आधी 'गांधीगिरी' हा शब्द समजून घ्यावा लागला आणि मग मुन्ना झालेला संजय दत्त कोण हेही.

गोन्झालेझ हे स्वतः हवानात जन्मलेले, लहानपणी क्यूबातून आलेले, पुढे सैन्यात कर्नल झालेले. त्यांनी त्याच दिवशी जाहीर केलं, की ही फुलं वॉल्टर रीड आणि बेथेस्डाच्या सैनिकी रुग्णालयांतल्या जखमी जवानांना पाठवली जातील. इराकच्या युद्धाचे दिवस होते ते. हे उत्तर चलाखीचं की मनापासूनचं, यावर लोक भांडले. मला त्यात दोन्ही दिसतं. पण फुलांना उत्तर द्यावं लागलं, हीच मोठी गोष्ट होती. पाकिटांना तेही मिळालं नव्हतं. १४ जुलैला सॅन होजेत मोर्चा निघाला. हातात तिरंगा नव्हे, अमेरिकेचे झेंडे. पोरं कडेवर, बाबागाड्या पुढे.

१७ जुलैला सरकार झुकलं. २ जुलैची सूचना मागे घेतली गेली. जूनमध्ये 'सी' वाचून ज्यांना अर्ज करता आला असता, त्यांनी १७ ऑगस्टपर्यंत करावा, तोही जुन्या फीमध्ये.

त्या महिनाभरात अर्जांचा डोंगर झाला. आता यात मिळालं काय, हे नीट बघायला हवं, कारण जल्लोषात ते हरवलं. ग्रीन कार्ड कुणालाच लगेच मिळणार नव्हतं. आकडे तर संपलेले होते. मिळाला तो अर्ज दाखल करण्याचा हक्क. पण दाखल झालेल्या अर्जावर कामाचा वेगळा परवाना मिळतो, बायकोलासुद्धा. एम.एस्सी. होऊन चार वर्षं घरी बसलेल्या बाईला पहिला पगार मिळतो. अर्ज १८० दिवस पडून राहिला की त्याच प्रकारच्या दुसऱ्या नोकरीत जाता येतं. मालकाच्या हातातली दोरी सैल होते. जानेवारी-फेब्रुवारी २००८ मध्ये पुष्कळांनी वर्षानुवर्षं अडलेली नोकरी बदलली ती यामुळेच.

आणि काहींना यातलं काहीच मिळालं नाही. ज्यांचं २००३ चं लेबर डल्लास-फिलाडेल्फियाच्या ढिगाऱ्यात अडकलं होतं, त्यांच्याकडे दाखल करायला कागदच नव्हता. २००६ ला पर्ममधून आलेला कालचा पोरगा आत गेला, तीन वर्षं आधी नंबर लावलेला दारात उभा. असं बाहेर राहिलेल्या अनेकांच्या बायकांना कामाचा परवाना मिळण्यासाठी २६ मे २०१५ उजाडावा लागला, जेव्हा ओबामा सरकारने एच-१बीवाल्यांच्या एच-४ व्हिसावरच्या काही जोडीदारांसाठी केलेला नियम लागू झाला.

आत गेलेलेही थांबलेच. ऑक्टोबर २००७ पासून चौकटींत पुन्हा तारखा आल्या. भारताचा ईबी-३ इतका सावकाश सरकला, की २००६ चा नंबर असलेल्यांची पाळी २०१७ च्या शरदात आली. मधल्या काळात लोकांनी मोठी पदं, नवी लेबरं मिळवून ईबी-२ मध्ये उडी मारली, आणि मग ईबी-२ च तुंबला. ऑक्टोबर २०२० मध्ये तर उलटंच झालं. करोनामुळे परदेशातल्या वकिलाती बंद, कुटुंबाच्या नात्याने मिळणारी कार्डं पडून राहिली आणि नियमाप्रमाणे ती नोकरीच्या हौदात आली : त्या वर्षी १,४०,००० ऐवजी सुमारे २,६२,०००. भारताचा ईबी-३ एकदम ईबी-२ च्या पुढे धावला. दहा वर्षं घालून वरच्या वर्गात बसलेले लोक वकिलाला विचारू लागले, आम्हाला खालच्या वर्गात घाला ना.

पुन्हा डॉक्टरांकडे रांगा लागल्या. पुन्हा भारतात फोन गेले, जन्मदाखल्यासाठी, आणि या वेळी ग्रामपंचायतीची कचेरी टाळेबंदीतून नुकती उघडत होती. अर्ज पोचले, पावत्या आल्या. २००७ चा सगळा तमाशा दहा हजार आकडे वाया गेल्याच्या बोंबेतून सुरू झाला होता. ३० सप्टेंबर २०२१ च्या रात्री साठ हजारांहून अधिक वाया गेले.